न वाकणारे बूट

६ ऑक्टोबर १९५९
डुकरांनी भुईमुगाचा पहाडाकडचा पट्टा पुन्हा उकरला. सकाळी पाहिलं तर नांगर फिरवल्यासारखं. बंदुकीच्या परवान्यावर माझं नाव चढून आलं त्याला महिना होईल, बंदूक मात्र अजून खुंटीलाच. वसंतराव भाऊजी आले, उकरलेलं पाहिलं, म्हणाले, "वहिनी, द्या ते बंदूक इकडं. मी अन् हरसिंग पाहून घेतो."
मी म्हटलं, परवाना माझ्या नावचा. पहाडावर मीही येणार.
"चढसान कशा? पायात काय घालसान?"
हे गेले तेव्हापासून मी भाऊजींना म्हणते आहे, ती जागा मला एकदा दाखवा. आधी वर्षश्राद्ध व्हायचं होतं. मग बंदूक नव्हती, जंगलात नुसतं कसं जायचं. आता पाय. एक कारण संपत आलं की दुसरं तयार. हे शेवटचं मी संपवणार.

८ ऑक्टोबर
ट्रंकेतून यांचे कॅनव्हासचे बूट काढले. त्या दिवशी घातले नव्हते, चपलांवरच गेले होते. जखमी डुकराच्या मागं दोघे भाऊ वर, हरसिंग कुत्री घेऊन खाली नाल्यात. भाऊजींनी सांगितलं ते असं की चपल सटकली, दादा पाथरीवरून, उघड्या सपाट खडकावरून, खाली गेले, डोकं आपटलं. पाहणारे एकटे तेच. सांगणारेही तेच.
चपला भाऊजींनीच पिशवीतून घरी आणल्या होत्या. दोन्ही शाबूत, पट्टासुद्धा तुटलेला नाही. घसरायला पट्टा तुटावाच लागतो असं नाही, हे मलाही कळतं. तरी.

९ ऑक्टोबर
कॅनव्हासच्या बुटात पुढं चिंध्या कोंबून शेतामागच्या उतारावर चढून पाहिलं. तळ पोळीसारखा. प्रत्येक गोटा पायाला मोजता येतो. आडव्या उतारावर पाय ठेवला की बूट कलंडतो आणि त्याच्याबरोबर घोटा. व्हायचं तेच झालं. एका गोट्यावर पाय मुरगळला, बसूनच खाली आले.
तांड्यावरचा हरसिंग गुरं घेऊन चालला होता, त्यानं पाहिलं. मला तो याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत आई. वयानं माझ्या बापाएवढा असून. म्हणाला, "याडी, ह्या बुटात वर जाशील तर पाय तिथंच ठेवून येशील."
बसल्या बसल्या विचार केला. उतारावर पूर्ण पाऊल कधी टेकतच नाही, नुसती कड टेकते. म्हणजे तळ असा पाहिजे की कडेवर सारा भार आला तरी वाकायला नको. आणि घोटा बांधलेला पाहिजे.
घोट्याला हळदीचा लेप. कमलनं, माझ्या जावेनं, लावून दिला. लावताना म्हणाली, "कायले हा खटाटोप? घरात माणूस नाही का?" तिचा नवरा म्हणजे भाऊजी. घरात माणूस आहे. तोच तर प्रश्न आहे.

१५ ऑक्टोबर
एस.टी.नं उमरखेडला. स्टँडमागचा मोची. बूट शिवून पाहिजेत म्हटलं.
"साहेबाचं माप आणलं का?"
"माझ्यासाठीच पाहिजेत."
हसला. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. मला हसलेलं चाललं असतं.
तयार जोड दाखवला, चकचकीत, पोलिसी घाटाचा. हातात धरून टाच आणि चवडा एकमेकांना लावून दाखवला. "पाहा कसा वाकते! लोण्यासारखा."
मी म्हटलं, मला न वाकणारा पाहिजे.
"न वाकणारा बूट कोणी मागत नाही बाई. पायाले फोड येतीन."
येऊ दे म्हटलं. बराच वेळ वाद. शेवटी ठरलं ते असं. म्हशीच्या पाठीच्या जाड कातड्याचे दोन तळ एकावर एक, मध्ये आणखी एक पट्टी, खालून ट्रकच्या टायरचं रबर. वरचं कातडं घोट्याच्या वरपर्यंत, नाडीनं आवळायचं. कागदावर पाय ठेवून माप घेतलं. दिवाळीआधी देतो म्हणाला.
बाजूच्या दुकानातले दोघं उठून पाहायला आले. पाहू देत. शाळेत शिकवत होते तेव्हाही पाहायचेच.

२७ ऑक्टोबर
उ.खेडला हेलपाटा. बूट नाहीत. कातडं आलं नाही, कारागीर गावी गेला, काय काय सांगत होता. माझ्याकडे न पाहता. मी तिथंच बसून राहिले. मग कंटाळून त्याच्या तोंडून निघालं, "तुमचे दीर तर म्हणत होते की घाई नाही."
"कधी आले होते?"
"आलते ना. कातडं कोणतं घेतलं, तळ कसा, सारं विचारून गेले. चांगले आहेत हो, काळजी आहे त्याईले तुमची."
घरी कोणालाच मी मोच्याचं नाव सांगितलेलं नव्हतं. उ.खेडला बूट टाकले एवढंच माहीत. म्हणजे शोधत गेले.
मोच्याला सांगितलं, यापुढे माझ्या बुटाबद्दल माझ्याशीच बोलायचं. मान हलवली. कोणासाठी हलवली कोण जाणे.

१ नोव्हेंबर
पाडवा. भाऊजी नांदेडहून आले. हातात कागदात बांधलेलं काहीतरी. कमलसमोरच मला दिलं.
"वहिनी, तुमच्यासाठी. फौजी बूट आहेत. जुन्या सामानवाल्याकडून आणले. मोच्याच्या भरवशावर कुठवर राहसान?"
महिन्याभरापूर्वी, पायात काय घालसान. आज हे. आणि मोच्याला घाई नाही म्हणून सांगणारेही हेच. मी विचारलं नाही. ते काय म्हणतील ते आधीच ठाऊक असलं की विचारावंसं वाटत नाही.
बूट वजनदार. तळ फळीसारखा, दोन्ही हातांनी वाकवला तरी हलत नाही. खाली लोखंडी खिळ्यांच्या रांगा, टाचेला नाल. मला हवा होता तस्साच बूट, हे वाईट. नको म्हणायला जागा नाही.
कमल म्हणाली, "घालून दाखवा ना." घातले. मोठे होत होते, दोन मोजे चढवले. अंगणात चालले. मातीत खिळे रुततात, पाय हलत नाही, मला आवडलं. मग न्हाणीजवळच्या दगडावर पाऊल पडलं आणि चर्र करून सरळ पुढं गेलं. खांब धरला म्हणून.
कमल हसली. भाऊजी नाही हसले. पटकन म्हणाले, "ओला दगड होय तो. पहाडावर कुठं ओलं राहते?"
एवढ्या पटकन?

५ नोव्हेंबर
फौजी बूट घेऊन नाल्यावर गेले. तिथं कोरडी पाथर आहे, पहाडावरच्यासारखीच काळी. खिळे दगडात शिरत नाहीत, वरच्यावर नाचतात. उभं राहिलं तर ठीक. चाललं, वळलं, की गेलं. मातीवर आणि गवतात मात्र या जोडासारखा बूट नाही.
हे गेले ते पाथरीवरून.
भाऊजींना हे माहीत आहे का? दुकानदारानं सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल म्हणूनच. एकाच गोष्टीचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही चपखल बसतात. शाळेत असताना असं गणित मुलांना घातलं असतं तर हेडमास्तर रागावले असते.
जमिनीची वाटणी झालेली नाही. यांचा हिस्सा माझ्या नावावर आहे आणि मला मूलबाळ नाही. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं.

१७ नोव्हेंबर
मोच्यानं बूट दिले. दिसायला ओबडधोबड, टायरची नक्षी तळाला तशीच. घालून त्याच्या दुकानासमोर चालले तर टाच आत वर-खाली होते. म्हणाला, होईल सवय. मी म्हटलं, टाच उचलली की फोड येणार, काढा. कुरकुरला, पण आतून कातड्याचा तुकडा चिकटवून टाच घट्ट केली. निघताना, "पाण्यात भिजवा, पायातच वाळवा, मग जवसाचं तेल. मग ते तुमचे होतीन."
खरं असेल तर बरं. त्याच्यावरही माझा पुरता विश्वास नाही.

२३ नोव्हेंबर
रोज भिजवते, वाळवते, चालते. घरभर जवसाच्या तेलाचा वास. डाव्या टाचेला फोड आला, फुटला, आता चामडी घट्ट होते आहे. विहिरीवर बायका म्हणतात, मास्तरीणबाई फौजदार झाली. कमल म्हणते, "बुटाचा आवाज आला का मले वाटते पोलीस आले." मी म्हटलं, पोलिसांना भ्यायचं काय कारण? ती आत निघून गेली. मी उगाच बोलले. किंवा उगाच नाही.
नाल्यातल्या पाथरीवर टायर धरतो. उतारावर कडेवर उभी राहिले, तळ वाकला नाही. मातीत फौजी बूट याच्यापेक्षा सरस. पण मातीवरून पडून कोणी मरत नाही.
हेच घालणार.

२४ नोव्हेंबर
भाऊजींना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. जरा वेळ बुटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. मंग ते फौजी मीच घालतो."
घातले. मोज्याशिवाय. माझ्यासाठी आणलेला बूट त्यांना नेमका बसला.

१४ डिसेंबर
काल वर गेलो. हाताची सालटी निघाली आहेत, टाक धरवत नाही. तरी आजच लिहून ठेवते, नाहीतर पुढं माझंच मला वेगळं आठवेल.
उजाडताना निघालो. भाऊजी, हरसिंग, त्याची कुत्री, मी. बंदूक माझ्याकडे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी पुढं व्हा, मी मागून लक्ष ठेवतो." मी म्हटलं, वाट तुम्हाला माहीत, तुम्हीच पुढं. दोघंही जरा थांबलो. मग तेच पुढं झाले.
हरसिंग कुत्री घेऊन नाल्याच्या बाजूनं गेला. चढ मुरमाड, गोटे निसटत होते. बुटांची कड धरत होती. कधी नव्हे ते मला पायाकडे न पाहता चालता आलं.
सालईच्या झाडाशी भाऊजी उभे राहिले. "इथंच."
पाहिलं. गवताचा साधा उतार. गाडगं सोडलं तरी अर्ध्यात अडकेल.
"इथं?"
"हो जी. इथूनच गेले."
माझ्याकडे पाहत नव्हते. मी काही विचारणार तोच खाली कुत्री भुंकली आणि बोराटीतून डुक्कर निघालं. मी बंदूक उचलेपर्यंत पार. भाऊजी त्याच्या रोखानं आडवे धावले, पुढं काळी पाथर होती. मी ओरडले, खिळे! ओरडले हे नक्की. त्यांनी ऐकलं असेल नसेल.
खिळ्यांचा तो आवाज. पाटीवर नख ओढावं तसा. पोटावर पडले आणि घसरत कडेला. एक पाय भेगेत अडकला, दुसरा खाली मोकळा. खाली नाला, खोल.
बंदूक टाकली. बसत, सरकत गेले. दोन्ही बुटांच्या कडा पाथरीच्या खाचेत रोवल्या आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांचा सगळा भार माझ्या टाचांवर. बूट वाकले नाहीत. वाकले असते तर दोघंही गेलो असतो.
त्यांचे डोळे मिटलेले. तोंडानं एकच, "दादा, सोडू नको. दादा, सोडू नको."
दादा म्हणजे हे. मला वहिनी म्हणतात. दादा का?
आणि मी, हात हातात असताना, विचारलं. "यांचं काय झालं होतं, भाऊजी? खरं सांगा."
ती विचारायची वेळ नव्हती. पण दुसरी कधी मिळाली असती? त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. मी सोडीन अशी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. मला ती दिसली. मनगट मी आणखी घट्ट धरलं, की आधीच तेवढं घट्ट होतं, आता सांगता येत नाही.
हरसिंग धावत आला, पागोटं सोडून त्यांच्या काखेतून घातलं, आम्ही ओढून घेतलं. गुडघ्याखाली पाय वाकडा झालेला. तांड्यावरून खाट आणली, मग बैलगाडीनं उ.खेडच्या दवाखान्यात. कमल रडत होती आणि मधूनमधून माझ्या बुटांकडे पाहत होती.

१६ डिसेंबर
एक गोष्ट सुटत नाही. खिळे घसरतात हे त्यांना ठाऊक असतं तर तेच बूट घालून ते पाथरीवर धावले असते का? म्हणजे ठाऊक नव्हतं. म्हणजे बूट चांगल्या मनानं आणले होते. एवढ्याने मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.
मग सालईचं झाड आठवतं. तो उतार.

२० डिसेंबर
हरसिंग आला होता. चहा दिला. विचारलं, "त्या दिवशी, हे गेले तेव्हा, तू खाली होतास. काही ऐकलंस का?"
"ऐकलं ना, याडी. ओरडणं ऐकलं."
"काय?"
"सोड. सोड म्हणून. एकदाच."
"कोण म्हणालं?"
कप खाली ठेवला. "दोघा भावायचा आवाज सारखाच. पहाडात तर अजूनच सारखा. कसं सांगू?"
"इतके दिवस बोलला का नाहीस?"
"तू मले विचारलंच कधी? तू विचारत गेली वसंतरावाले."
खरं आहे. भाऊजींवर संशय घेता घेता बाकी कोणाला विचारायचंच राहिलं.
सोड. पडणारा वरच्याला म्हणेल, माझ्यापायी तू येशील, सोड. किंवा वरचा खालच्याला म्हणेल. दिवसभर हा एक शब्द दोन्ही आवाजांत म्हणून पाहते आहे.

३ जानेवारी १९६०
भाऊजी दवाखान्यातून घरी. पाय प्लास्टरमध्ये. ते कसतात त्या शेतातल्या ज्वारीतही डुकरं शिरतात, म्हणून बंदूक घेऊन तिथंही जाऊन बसते. एक डुक्कर मारलं. हरसिंगच्या तांड्यावर वाटलं.
कमल आज स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. वाटलं भांडेल. हळूच म्हणाली, "तुमी त्याईले धरलं काहून?"
"पडत होते म्हणून."
"एवढंच?"
"अजून काय पाहिजे?"
"माहीत नाही बाई. पण तुमी मनात धरून होत्या ना. मले दिसत होतं. तुमी त्याईले वर नेलं तेव्हा मी देवाजवळ दिवा लावून बसलती."
म्हणजे इतके दिवस मी त्यांच्याकडे पाहत होते आणि ती माझ्याकडे. एका चुलीवर जेवत होतो. पोळ्या करपत होत्या, ती उलटू लागली.

२४ जानेवारी
भाऊजी ओसरीवर खाटेवर. मी ज्वारीवरून येऊन बूट काढत होते. कमल पाण्याला गेलेली. ते बुटांकडे पाहत राहिले, मग अचानक,
"वहिनी, मी तुमाले दाखवली ते जागा नव्हती."
मी नाडी सोडत राहिले. हात थांबवला असता तर बोलणं थांबलं असतं.
"खरी जागा अजून वर आहे. कपार आहे तिथं. तिथवर नेलं असतं तर तुमी पडल्या असत्या, असं वाटलं. म्हणून सालईजवळच सांगून टाकलं."
"इतके दिवस कारणं सांगत होता तीही त्यासाठीच?"
"हो जी. मोच्यालेही त्यासाठीच सांगतलं होतं. मंग पाहिलं, तुमी काही ऐकत नाही, तर बूट तरी चांगले असावे. तो नांदेडवाला म्हणे, फौजी बूट घसरतच नाही."
सगळं जुळत होतं. माझ्या प्रत्येक शंकेला उत्तर, मी न विचारता. हेच मला खुपलं.
"हरसिंगनं सोड म्हणून ऐकलं होतं," मी म्हटलं. "कोण म्हणालं ते?"
खाटेची कड धरून त्यांनी प्लास्टरचा पाय सरळ केला.
"ते असं सांगून समजत नाही. जागा पाहसान तर समजन. कोण कुठं होतं, कोणाचा हात कुठं होता. पाय बरा झाला का नेतो. माझी शपथ."
पाठ केलेलं वाटलं नाही. पण पुन्हा पहाड. पुन्हा आम्ही दोघं. आणि या खेपेला खरी कपार.
मी विचारलं, "पुढं कोण चालेल?"
ते म्हणाले, "तुमी म्हणसान तो."
हे उत्तर मला आवडलं नाही. दुसरं कुठलं आवडलं असतं तेही सांगता येत नाही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कमल घागर घेऊन आली, तिला हात दिला.